सांडणाऱ्या पिठाचा हिशोब

दिवसाला ३२५ बॅरल पीठ. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात पटॅप्सको नदीकाठी एलिकॉट बंधूंची गिरणी होती, तिचा अठराव्या शतकाच्या अखेरचा हा उतारा. त्या काळी पिठाचं एक बॅरल १९६ पौंडांचं, म्हणजे जवळजवळ ८९ किलोचं असे. ३२५ बॅरलचे झाले दिवसाला २९ टन. वर्षाचे ३०० दिवस गिरणी चालली असं धरलं तर ९७,५०० बॅरल, म्हणजे साडेआठ हजार टनांहून जास्त पीठ. गिरणीत वीज नव्हती आणि वाफेचं इंजिनही नव्हतं. नदीचं पाणी, लाकडी चाकं, दगडी तळ्या आणि चामड्याचे पट्टे, एवढ्यावर हा डोलारा चालत होता.

या गिरणीत ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या माणसाने योजलेली यंत्रं बसली आणि त्यातून वर्षाला किती फायदा होतो याचा अंदाज मांडला गेला. मजुरीत वाचले ४,८७५ डॉलर. पीठ जास्त आणि चांगलं निघू लागल्यामुळे मिळाले ३२,५०० डॉलर.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दोन्हींना ९७,५०० बॅरलांनी भागलं की मजुरीतली बचत येते बॅरलमागे ५ सेंट आणि पिठातली कमाई येते बॅरलमागे ३३ सेंट. दुसरी रक्कम पहिलीच्या साडेसहापटींहून मोठी. यंत्र आपोआप चालू लागलं की फायदा मजुरीत होतो, असं आपण धरून चालतो. यंत्रमानवांवरच्या आजच्या वादातही पहिला प्रश्न हाच असतो की किती माणसं कमी होणार. जगातल्या पहिल्या पूर्ण स्वयंचलित कारखान्यांपैकी एकाचा हा जमाखर्च मात्र वेगळंच सांगतो. तिथली खरी कमाई आधी जमिनीवर सांडणाऱ्या, पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या आणि ओलसर राहून खराब होणाऱ्या पिठात होती.

आठशे पोती, दोनदा जिन्याने

इव्हान्सचा जन्म १३ सप्टेंबर १७५५ रोजी डेलावेअरमधल्या न्यूपोर्टचा. सोळाव्या-सतराव्या वर्षी तो गाड्या बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. पुढे लोकर आणि कापूस पिंजण्याच्या फण्यांसाठी तारेचे बारीक दात लागतात, ते मिनिटाला हजाराहून जास्त पाडणारं यंत्र त्याने विशीतच तयार केलं. नंतर भावांबरोबर रेड क्ले क्रीक या ओढ्यावर गिरणी घातली, आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की गिरणीत दळणं सोडून बाकीचं जवळपास सगळं काम माणसाच्या पाठीवर चाललंय.

तेव्हाच्या गिरणीचं काम कसं चाले ते आधी पाहू. गव्हाची पोती गाडीतून किंवा होडीतून उतरवायची आणि खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर चढवायची. तिथे गहू साफ करून तळ्यांमध्ये सोडायचा. पाच फूट व्यासाची वरची तळी मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेई, म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २८ किलोमीटर. इतक्या घर्षणातून निघालेलं पीठ गरम आणि दमट असतं. ते तसंच चाळायला घेतलं तर चाळणीचं कापड बुजतं, आणि तसंच बॅरलात भरलं तर आंबतं. म्हणून ते टोपल्यांत भरून पुन्हा सर्वांत वरच्या मजल्यावर न्यायचं, जमिनीवर पसरायचं आणि गार होईपर्यंत दाताळ्याने उलथंपालथं करायचं. हे काम बहुधा एखाद्या पोराकडे असे. गार झालं की तेच पीठ ढकलत चाळणीच्या तोंडाशी आणायचं.

३२५ बॅरलांच्या गिरणीत हा प्रकार किती होईल याचा अंदाज करता येतो. एका बॅरलभर पिठाला साडेचार-पाच बुशेल गहू लागे आणि एक बुशेल गहू म्हणजे ६० पौंड. म्हणजे दिवसाला कमीत कमी ४० टन गहू. पोतं ५० किलोचं धरा, की फक्त गहू वर चढवायच्या ८०० खेपा झाल्या. दळल्यानंतर तोच माल पुन्हा वर न्यायचा, तेव्हा आणखी ८००. दिवसाला १,६०० खेपा आणि वर्षाला पावणेपाच लाखांहून जास्त. प्रत्येक खेपेला थोडं सांडणार. सांडलेल्यावरून पाय जाणार, पायाची माती पिठात मिसळणार. त्या पिठाला बाजारात चांगला भाव मिळत नसे. बॅरलमागचे ३३ सेंट असे पायऱ्यांवर आणि फळ्यांच्या फटींत जात होते.

पाच यंत्रं आणि एक पाणचक्की

इव्हान्सने पाच यंत्रं योजली आणि ती सगळी गिरणीच्याच पाणचक्कीला जोडली.

पहिला एलिव्हेटर, म्हणजे उभ्या लाकडी खोक्यातून फिरणारा चामड्याचा पट्टा, त्याला ठरावीक अंतरावर लहान डबे. खाली धान्यात बुडून डबा भरतो, वर जातो, माथ्यावर उलटतो आणि रिकामा होऊन खाली येतो. दुसरा कन्व्हेयर. लाकडी दांड्यावर मळसूत्रासारखी बसवलेली पाती पन्हळीत फिरतात आणि माल आडवा पुढे सरकवतात. तिसऱ्याला तो ड्रिल म्हणे. त्यात पट्ट्याला बसवलेल्या छोट्या फळ्या धान्य ओढत नेतात. चौथा डिसेंडर, उतारावरचा रुंद पट्टा. त्याला वेगळी शक्ती लागत नाही, पट्ट्यावर पडलेल्या मालाच्या वजनानेच तो फिरतो.

पाचवं यंत्र म्हणजे हॉपर बॉय. वरच्या मजल्यावर मधोमध एक उभा दांडा, त्याला आडवा लांब हात आणि हाताच्या खालच्या बाजूला तिरप्या बसवलेल्या फळ्या. हात सावकाश गोल फिरत राहतो. एलिव्हेटरने आणलेलं गरम पीठ कडेला पडतं, फिरता हात ते पातळ पसरवतो आणि दर फेऱ्याला तिरप्या फळ्या त्याला थोडं थोडं आत ढकलतात. कडेपासून मध्यापर्यंत येता येता पीठ गार होतं, कोरडं होतं आणि मध्याशी असलेल्या भोकातून आपोआप चाळणीत पडतं. पिठाचा थर वाढला तर हात वर उचलला जातो, कमी झाला तर खाली येतो. किती पीठ आलंय हे यंत्राला पिठाकडूनच कळतं. कोणत्याही मोजमापी उपकरणाशिवाय, फक्त दोरी, वजन आणि लाकूड यांच्या जोरावर हे साधलेलं पाहिलं की मला या माणसाचं मनापासून कौतुक वाटतं.

या पाचांची साखळी जोडली गेली आणि गहू एका टोकाला आत शिरला की दुसऱ्या टोकाला पीठ होऊनच बाहेर पडू लागला. मध्ये त्याला माणसाचा हात लागत नसे. अशा गिरणीत सहा माणसं वर्षाला १ लाख बुशेल गव्हाचं पीठ करू शकत, आणि त्या सहांचं मुख्य काम बॅरलांची झाकणं ठोकणं हेच असे. १ लाख बुशेल म्हणजे २,७०० टनांहून जास्त गहू. माणशी ४५० टन!

आता जरा मोठा हिशोब करू. आज जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो. तो सगळाच्या सगळा इव्हान्सच्या लाकडी गिरण्यांमध्ये दळायचा ठरवला तर अशा जवळजवळ ३ लाख गिरण्या लागतील, आणि त्या चालवायला साधारण १८ लाख माणसं. ८०० कोटींच्या जगाचा सगळा गहू १८ लाख माणसं दळू शकतील इतकं सामर्थ्य १७९० च्या आधीच एका ओढ्याकाठी उभं राहिलं होतं.

गिरणीत कुणीच नाही

त्या वेळी अमेरिकेतला उत्तम पिठाचा धंदा ब्रँडीवाइन नदीकाठच्या गिरणीवाल्यांच्या हातात होता. त्यांच्यापैकी काही जण इव्हान्सची गिरणी बघायला आले. गिरणी चालू होती. गहू वर जात होता, दळला जात होता, पीठ गार होऊन चाळलं जात होतं. गिरणीत मात्र कुणीच नव्हतं, कारण इव्हान्स बाहेर शेतात गवत कापत होता. पाहुण्यांना यंत्राचा याहून मोठा पुरावा दाखवणं शक्य नव्हतं. पण ते परत गेले आणि सगळा खुळखुळाट आहे, शहाण्या माणसाने लक्ष देण्यासारखं त्यात काही नाही, असं त्यांनी इतरांना सांगितलं.

इव्हान्सचा भाऊ जोसेफ घोड्यावरून राज्याराज्यांत हिंडला. प्रत्येक परगण्यात जो पहिला गिरणीवाला ही यंत्रं बसवील त्याला ती विनाशुल्क, अशी त्याची तयारी होती. तरी तो हात हलवत परत आला. एलिकॉटांसारख्यांनी यंत्रं बसवून आकडे दाखवले, तेव्हा कुठे ब्रँडीवाइनवाले वळले.

अमेरिकेत १७९० साली एकूण तीन पेटंटं दिली गेली. पहिलं पोटॅश बनवण्याच्या पद्धतीला आणि दुसरं मेणबत्तीसंबंधी. तिसरं १८ डिसेंबर १७९० रोजी ऑलिव्हर इव्हान्सला मिळालं. त्या वर्षीच्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३९ लाखांच्या घरात होती. आज अमेरिकी पेटंटांचा क्रमांक १ कोटी २० लाखांच्या पुढे गेलाय, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येच्या तिपटीहून जास्त. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी पुढच्याच वर्षी माउंट व्हर्ननच्या आपल्या गिरणीत ही यंत्रं बसवून घेतली. इव्हान्सने १७९५ साली गिरणी बांधणाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकाच्या १८६० पर्यंत १५ आवृत्त्या निघाल्या.

भांडणंही झाली. पेटंटची मुदत संपल्यावर काँग्रेसने १८०८ मध्ये खास त्याच्यासाठी कायदा करून ती वाढवली. त्याने परवान्याचे दर चढवले, तेव्हा बाल्टिमोरचे गिरणीवाले उसळले. त्यांच्यापैकी आयझॅक मॅक्फर्सन याने थॉमस जेफर्सनचं मत विचारलं. १३ ऑगस्ट १८१३ च्या उत्तरात जेफर्सनने मत दिलं की पट्ट्याला डबे लावून माल वर चढवणं ही युक्ती फार जुनी आहे, पूर्वेकडे विहिरीचं पाणी याच तऱ्हेने उपसतात. आपल्याकडे ज्याला रहाटगाडगं म्हणतात तेच हे. जेफर्सन स्वतः इव्हान्सची यंत्रं वापरत होता आणि त्याबद्दल पैसेही भरत होता. रहाटगाडगं जुनं होतं हे खरं, मळसूत्राने पाणी चढवणं तर आर्किमिडीजच्या नावावर आहे. पण रहाटाचं पाणी पाटात पडलं की रहाटाचं काम संपतं. इव्हान्सने पाच जुन्या-नव्या युक्त्या अशा एकीला एक जोडल्या की पहिलीचं काम संपतं तिथेच दुसरीचं सुरू व्हावं. माल कुठेही थांबत नाही आणि थांबत नाही म्हणून सांडत नाही. त्याच्या शोधाचा गाभा हा आहे, आणि मला तरी त्याचा पेटंटवरचा हक्क पूर्ण रास्त वाटतो.

सहा इंचांचा दट्ट्या

इव्हान्सच्या मनात मात्र गिरणीच्याही आधीपासून वाफ होती. उमेदवारीच्या दिवसांत त्याने ऐकलं की लोहाराच्या पोरांनी बंदुकीच्या नळीत पाणी घातलं, तोंड घट्ट बुजवलं आणि नळी भट्टीत ठेवली, तर बार उडावा तसा आवाज झाला. पाण्याची वाफ झाली की साध्या वातावरणात तिचं आकारमान सुमारे १,७०० पट होतं. ती जागा मिळाली नाही तर वाफ भिंतींवर किती जोर लावील, या एका विचाराने त्याला आयुष्यभर झपाटलं.

जेम्स वॉटची इंजिनं तेव्हा जगात गाजत होती. त्यांतल्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाहून जेमतेम काही पौंड अधिक असे. वापरलेली वाफ वेगळ्या टाकीत थंड करून दट्ट्याच्या एका बाजूला पोकळी करायची आणि दुसऱ्या बाजूच्या कमी दाबाच्या वाफेने दट्ट्या ढकलायचा, असं ते तत्त्व. हवा दर चौरस इंचावर १४.७ पौंड जोर लावते आणि ही वाफ त्याहून फारसा जास्त जोर लावत नाही, त्यामुळे अशा इंजिनाची मर्यादा तिथेच ठरते. ताकद वाढवायची तर सिलिंडर मोठा करत जावं लागतं.

इव्हान्सने सिलिंडर लहान ठेवून दाब वाढवला. त्याच्या पहिल्या मोठ्या इंजिनाचा दट्ट्या ६ इंच व्यासाचा आणि त्याची धाव १८ इंचांची होती. ६ इंचांच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच. वाफ ५० पौंडांच्या दाबाची असेल तर त्यावर १,४०० पौंड, म्हणजे सुमारे ६४० किलोंचा जोर पडतो. चौरस इंचाला १० पौंड प्रत्यक्ष जोर देणाऱ्या इंजिनात हेच काम करायचं तर दट्ट्या १३ इंचांहून रुंद हवा, आणि त्याबरोबर वाफ थंड करण्याची टाकी, पंप, गार पाणी हा सगळा पसारा. इव्हान्सचं इंजिन वाफ सरळ हवेत सोडून देई. ते आटोपशीर आणि स्वस्त होतं, कुठेही बसवता येई.

या प्रयोगात त्याचे ३,७०० डॉलर गेले, म्हणजे त्याच्याजवळ होतं नव्हतं तेवढं सगळं. इंजिन चाललं तेव्हा त्याने ते फिलाडेल्फियात लोकांसमोर कामाला जुंपलं. २४ तासांत ३०० बुशेल, म्हणजे १२ टन प्लास्टरचा दगड ते फोडून दळत असे. १२ करवती जोडल्या तर १२ तासांत १०० फूट संगमरवर कापत असे. १४ फेब्रुवारी १८०४ रोजी या इंजिनाचं पेटंट मिळालं. त्याचंच एक इंजिन न्यू ऑर्लिन्सला बोटीसाठी गेलं होतं. पूर ओसरला आणि बोट नदीपासून दूर कोरड्या जमिनीवर अडकली, तेव्हा मालकांनी ते लाकडाच्या वखारीत लावलं. ते १२ तासांत ३,००० फूट फळ्या कापू लागलं. हाताने लाकूड कापणाऱ्यांची रोजी जाणार या रागातून वखारीला आग लावण्यात आली. मजुरीच्या त्या लहान आकड्यामागे माणसांची घरं होती, याची ती आग साक्ष आहे. पाच सेंट मालकाला लहान असतील, ज्याचे गेले त्याला ते लहान नव्हते.

दोनशे बॅरलांच्या वजनाची नाव

१७९३ च्या पीतज्वराच्या साथीत फिलाडेल्फियात सुमारे ५,००० माणसं मेली होती. गोदीतला कुजका गाळ हा तेव्हापासून शहराच्या आरोग्य मंडळाच्या चिंतेचा विषय होता. मंडळाने इव्हान्सला गाळ उपसणारं यंत्र बनवायला सांगितलं. १८०५ मध्ये त्याने ओरुक्टर अँफिबोलोस नावाची सपाट बुडाची नाव बांधली. लांबी ३० फूट, रुंदी १२ फूट, गाळ उपसायला गिरणीतल्यासारखी डब्यांची माळ आणि शक्तीला ५ अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन. वजन सांगताना इव्हान्सने स्वतःच्या धंद्याचं माप वापरलं, पिठाची २०० बॅरल. म्हणजे ३९,२०० पौंड किंवा पावणेअठरा टन.

कारखान्यापासून स्कूलकिल नदी दीड मैलावर होती. इव्हान्सने नावेला चाकं लावली, ती इंजिनाला जोडली आणि नाव स्वतःच्या वाफेवर शहराच्या रस्त्याने चालवली. नदीत उतरवल्यावर मागे वल्ह्यांचं चाक बसवून ती पाण्यातून हाकली, असं त्याने लिहून ठेवलंय. आज रस्त्यावर धावणाऱ्या साध्या स्कूटरच्या इंजिनाची ताकदही ५ अश्वशक्तीहून जास्त असते, आणि ती दोन माणसं नेते. इथे तेवढ्या ताकदीवर पावणेअठरा टन लाकूड-लोखंड दीड मैल सरकलं. सावकाश का होईना, पण घोड्यावाचून सरकलं.

याच्या आदल्या वर्षी त्याने लँकेस्टरच्या पथकर कंपनीपुढे एक हिशोब ठेवला होता. १०० बॅरल पीठ, म्हणजे पावणेनऊ टनांहून जास्त माल, ५० मैल न्यायचा. घोड्यांनी नेलं तर प्रत्येकी २० बॅरलांच्या ५ गाड्या, दर गाडीला ५ घोडे, म्हणजे २५ घोडे आणि ३ दिवस. वाफेची एक गाडी तेवढाच माल २४ तासांत नेईल. गाड्या-घोड्यांची किंमत ३,३०४ डॉलर आणि वाफेच्या गाडीची २,५०० डॉलर. घोड्यांचे ७५ दिवस विरुद्ध यंत्राचा एक दिवस. कंपनीने नकार दिला.

पुढे त्याने भाकीत केलं की एक दिवस लोक वाफेच्या गाड्यांतून ताशी १५ ते २० मैल वेगाने गावोगाव जातील, सकाळी वॉशिंग्टनहून निघून त्याच रात्री न्यूयॉर्कला जेवतील. दोन शहरांमधलं अंतर सुमारे २२५ मैल, म्हणजे त्याच्या वेगाने ११ ते १५ तास. हिशोब चोख होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली, ती २१ मैल सुमारे सव्वा तासात गेली. ताशी वेग जवळजवळ १७ मैल, बरोबर त्याने सांगितलेल्या टप्प्यात. त्या गाडीच्या इंजिनांचं घराणं इव्हान्सचं नव्हे, इंग्लंडच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकचं. पण दोघांनी समुद्राच्या दोन काठांवर एकाच सुमारास एकच गोष्ट ओळखली होती. वाफेचा दाब वाढवल्याशिवाय इंजिन चाकांवर चढणार नाही.

आगीतून उरलेलं

१८०५ मध्येच काढलेल्या एका पुस्तकात इव्हान्सने द्रवाची वाफ करून आणि ती पुन्हा दाबून थंडावा निर्माण करण्याची कल्पना मांडली. जेकब पर्किन्सने १८३४ मध्ये तशा यंत्राचं पेटंट घेतलं. आज जगात २ अब्जांच्या आसपास वातानुकूलन यंत्रं आहेत आणि त्यांतली बहुतेक याच चक्रावर चालतात.

१८०९ मध्ये न्यायालयीन लढायांनी वैतागून त्याने ८० शोधांचे कागद घरच्यांसमोर जाळून टाकले. तरी काम सुटलं नाही. फिलाडेल्फियातल्या त्याच्या मार्स वर्क्स या कारखान्यातून शंभरावर इंजिनं बाहेर पडली. ११ एप्रिल १८१९ रोजी कुणीतरी मार्स वर्क्सला आग लावली. इव्हान्स न्यूयॉर्कला होता. बातमी कळल्यावर तो कोसळला आणि १५ एप्रिलला गेला. १८३६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीला आग लागली, तीत जवळपास १० हजार पेटंटांची कागदपत्रं जळाली.

पण त्याची कामं तोवर कागदांतून बाहेर पडली होती. १८३८ मध्ये अमेरिकी सरकारने देशातल्या वाफेच्या इंजिनांचा अंदाज घेतला, तेव्हा आकडा आला ३,०१०. त्यांतली ८०० बोटींवर, ३५० रुळांवर आणि १,८६० कारखान्यांत. कारखान्यांतली बहुतेक उच्च दाबाची होती.

त्याचा एलिव्हेटरही मोठा होत गेला. १८४२ मध्ये बफेलो बंदरात जोसेफ डार्टने इव्हान्सचीच डब्यांची माळ वाफेवर चालवली. तोवर जहाजातलं धान्य हमाल पाठीवरून उतरवत. डार्टच्या यंत्राने तासाला १,००० बुशेल उपसले, म्हणजे २७ टन. एलिकॉटांची गिरणी दिवसभरात जेवढं पीठ काढी, जवळजवळ तेवढ्या वजनाचं धान्य एका तासात. त्याच्या कोठाराची क्षमता होती ५५,००० बुशेल, म्हणजे १,५०० टन. पुढे मिनियापोलिस जगाचं पीठकेंद्र झालं. तिथे दगडी तळ्या जाऊन दळणारे पोलादी रोलर आले, एलिव्हेटर आणि मळसूत्री कन्व्हेयर मात्र राहिले. या मोठेपणाने धोकेही मोठे केले. २ मे १८७८ रोजी तिथल्या वॉशबर्न ए गिरणीत हवेत उडणाऱ्या पिठाच्या धुरळ्याने पेट घेतला आणि स्फोटात १८ जणांचा जीव गेला. सांडू नये म्हणून बंद खोक्यांत घातलेलं पीठ हवेत धुरळा होऊन राहिलं तर काय होतं, हा धडा त्या धंद्याने फार महागात घेतला.

आता पुन्हा त्या जमाखर्चाकडे वळतो, कारण मला जे सांगायचंय ते तिथे आहे. मजुरीचे ५ सेंट आणि पिठाचे ३३. यंत्र घेताना आपण अजून पहिला आकडा मोजतो आणि दुसरा विसरतो. भारतात २०१५ साली धान्याच्या नासाडीचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कापणीपासून साठवणीपर्यंत तृणधान्यांचं नुकसान ४.६५ ते ५.९९ टक्के आढळलं. देशात वर्षाला सुमारे ११ कोटी टन गहू पिकतो. खालचा टक्का धरला तरी ५१ लाख टन गहू वाया जातो. दिवसाला ४० टन गहू दळणाऱ्या एलिकॉटांच्या गिरणीसारख्या सव्वाचारशे गिरण्या त्यावर वर्षभर चालतील. खळ्यावर, बाजार समितीच्या ओट्यावर, गोदामात, ट्रकच्या फळ्यांच्या फटींतून हा गहू रोज सांडतो आहे. नवं यंत्र बसवायची चर्चा जिथे जिथे चालू असेल तिथे माणसं किती कमी होतील हा प्रश्न मागे ठेवा आणि माल किती सांडतो हा आधी विचारा. ऑलिव्हर इव्हान्सने सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी हाच प्रश्न आधी विचारला आणि त्याचं उत्तर दर बॅरलमागे ३३ सेंट आलं.